ग्लोव्हज एक, कीपर दोन

आमच्या क्लबाकडे कीपिंगच्या ग्लोव्हजची जोडी एक होती आणि कीपर दोन होते. बाकीची इस्टेट म्हणजे दोन बॅटी (त्यातली एक सुतळीने बांधलेली), साडेतीन पॅड, काथ्याची एक मॅट आणि ती ठोकायचे आठ खिळे. साडेतीन पॅड कसे, असं विचारू नका. चौथ्याचे पट्टे उंदरांनी खाल्ले होते, आणि तो बांधायचा नसून पायाशी धरून ठेवायचा असे. एका वस्तूला दोन गिऱ्हाइकं असली की अर्थशास्त्रात त्याला टंचाई म्हणतात. आमच्या कप्तानांनी त्याला न्याय म्हणायचं ठरवलं आणि तिथून आमच्या क्लबाची घसरण सुरू झाली. घसरण म्हणजे आधी आम्ही फार उंचावर होतो असं नव्हे. पण दोन पायऱ्यांवरून पडलं तरी लागायचं ते लागतंच.

ही गोष्ट १९७८ ची. गाव नगर. २०२४ साली त्याचं अहिल्यानगर झालं. पण माझे सुटलेले झेल जुन्याच नावावर जमा आहेत.

कप्तानांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा पाटबंधारे खात्यात होते. आमच्या जिल्ह्यात पाणी हा धर्म आहे आणि त्या धर्मातला मुख्य विधी म्हणजे आवर्तन. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले, आणि तेव्हापासून कोणाच्या शेताला कधी पाणी आणि किती तास, यावर या जिल्ह्यात जेवढा विचार झाला तेवढा बहुधा मोक्षावरही झाला नसेल. अण्णांचा जन्म या तासांच्या हिशेबात गेलेला. कोणी तक्रार घेऊन आला की त्यांचं उत्तर ठरलेलं : "पुढच्या आवर्तनात बघू." उसाला हे उत्तर चालतं. ऊस वाट बघतो. कीपर बघत नाही.

तीन वर्षं क्लबाचा कीपर मी एकटाच होतो. मी फार चांगला होतो असं नाही, पण दुसरा कोणी नव्हता, आणि लोकशाहीत तेवढं पुरतं. मग बदली होऊन एक जण नगरला आला. त्याला मी या लेखात जोडीदार म्हणणार आहे, कारण तेव्हा जे म्हणत होतो ते छापता येत नाही. पहिल्याच रविवारी तो सहज म्हणून यष्टीमागे उभा राहिला आणि आमच्या ऑफस्पिनरच्या चेंडूवर त्यानं असा स्टंपिंग केला, की फलंदाज आउट झाल्याचं फलंदाजाच्या आधी त्याच्या भावाला कळलं. भाऊ झाडाखाली बसला होता. मी थर्डमॅनला होतो. मला त्याच्याही आधी कळलं.

हिशेब असा होता. हात त्याचे चांगले, बॅट माझी बरी. माझी सरासरी चौदा, त्याची चार. त्याला फलंदाजीला जाताना पाहिलं की मॅटवाला खिळे उपटायला उठायचा. आता अशा वेळी कप्तानानं काय करावं? एक तर म्हणावं, "मला झेल हवेत, तू उभा राहा." किंवा म्हणावं, "मला धावा हव्यात, तू उभा राहा." दोन्ही निर्णयांवर टीका करता येते, पण टीका करायला आधी निर्णय तर हवा! अण्णांनी आवर्तन लावलं. एक रविवार माझा, एक रविवार त्याचा.

बरं, निदान तेवढं तरी सरळ चालावं. पण अण्णांना आपण न्याय करतो आहोत हे पटवूनही द्यायचं असे, म्हणून दर रविवारी नवं कारण. "आज ढग आहेत, तू उभा राहा." "आज ऊन आहे, आज तो." "समोर दोन डावरे आहेत, आज त्याला बघू." एकदा तर मला म्हणाले, "वहिनी माहेरी गेल्यात ना? मग तुझं जेवणखाण नीट झालं नसेल. आज थर्डमॅनला सावलीत उभा राहा." मी घरी गेल्यावर हे सगळं एका वहीत लिहून ठेवत असे. अकरा रविवारांत अकरा कारणं झाली. ज्यानं निर्णय घेतलेला असतो त्याला एक कारण पुरतं. ज्यानं घेतलेला नसतो त्याला दर आठवड्याला ताजं लागतं, भाजीसारखं.

यावर कोणी म्हणेल, की काम वाटून घेतलं तर बिघडलं कुठे? न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याचं हेच म्हणणं आहे. तिकडे बेसबॉलमध्ये आपल्या कीपरसारखा कॅचर असतो. तो प्रत्येक चेंडूला उकिडवा बसतो आणि एका मोसमात त्यांच्या साखळीतले सामने असतात १६२. त्यामुळे तिकडचे मॅनेजर दोन कॅचर बाळगतात आणि एकाच्या गुडघ्यांना विश्रांती म्हणून दुसऱ्याला बसवतात. त्यातही कोणाला कधी बसवलं यावरून लोक मॅनेजरला शिव्या घालतात, हे ऐकून मला अमेरिकेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. पण तिथलं कारण गुडघ्यात आहे. आपल्याकडे कसोटीत दिवसाला नव्वद षटकं, म्हणजे पाचशेचाळीस उठाबशा, हे खरं. पण दोन कसोट्यांच्या मध्ये चांगले तीन-चार दिवस तरी मिळतात. आमच्या कीपरला तर आठवडाभर विश्रांती असे. ऑफिसात आम्ही दुसरं काही करत नव्हतो. आमचे कप्तान कीपर बदलत ते गुडघ्यांसाठी नव्हे, स्वतःच्या मनाच्या शांततेसाठी.

आणि कीपिंग ही नजरेची नव्हे, सवयीची गोष्ट आहे. गोलंदाजाचं मनगट जरासं वळलं की कीपरचे पाय आपोआप सरकायला हवेत. हे पाय रोजच्या सहवासानंच शहाणे होतात. दर पंधरा दिवसांनी भेटणाऱ्या नवरा-बायकोचा संसार एखादे वेळी सुखाचा होईल, पण बायकोच्या हातातलं लाटणं कुठल्या बाजूला वळणार हे त्या नवऱ्याला कळायचं नाही.

या बाबतीत अण्णा एकटे नव्हते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांना फार मोठी परंपरा होती. १९५१-५२ साली इंग्लंडचा संघ आला तेव्हा पाच कसोट्यांत आपण तीन कीपर वापरले : नाना जोशी, माधव मंत्री आणि खोकन सेन. त्यानंतरच्या काळात मुख्य स्पर्धा रंगली ती दोन मराठी माणसांत. एक आमच्या महाराष्ट्र संघाचे नाना जोशी, दुसरे मुंबईचे नरेन ताम्हाणे. (नगरच्या माणसानं कोणाची बाजू घ्यावी हे सांगायला नको. रणजीच्या नकाशात नगर महाराष्ट्रात येतं, मुंबई नाही. भूगोलवाल्यांनी क्षमा करावी.) दोघांच्या फलंदाजीची सरासरी दहा-अकराच्या आसपास, म्हणजे त्या बाबतीत मीच किंचित वरचढ. दोघांचे हात पहिल्या प्रतीचे. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यावर दोघंही गेले, दोघंही कसोट्या खेळले आणि पाचच्या पाच कसोट्या आपण हरलो.

त्याच वर्षअखेरीला ऑस्ट्रेलियाचा संघ आला. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत कीपर जोशी. आपण हरलो. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत ताम्हाणे. तिथं जसू पटेलनं सामन्यात चौदा बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाला आपण आयुष्यात पहिल्यांदा हरवलं. आता तुम्ही म्हणाल, की जिंकलेल्या सामन्यातला कीपर तरी पुढं खेळला असेल. मुंबईच्या तिसऱ्या कसोटीत यष्टीमागे उभा होता बुधी कुंदरन, ज्यानं तोवर रणजी सामनासुद्धा खेळला नव्हता! दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ही म्हण आपण शाळेत शिकतो. निवड समितीनं तिचा प्रयोग करून दाखवला. आणि या दोघांचं तर भांडणही नव्हतं. ते दुसऱ्यांनीच त्यांच्या वतीनं चालवलं होतं.

पुढच्या वर्षी पाकिस्तानविरुद्ध मुंबईच्या कसोटीत पुन्हा जोशींना बोलावणं आलं. नाना जोशी आणि रमाकांत देसाई यांनी नवव्या जोडीसाठी १४९ धावा जोडल्या. देसाई ८५, जोशी नाबाद ५२. जोशींचं कसोटीतलं हे एकमेव अर्धशतक आणि हीच त्यांची शेवटची कसोटी. त्याच महिनाअखेरीला ताम्हाण्यांचीही शेवटची कसोटी झाली. मी हा हिशेब पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला. चुकलेल्या माणसाला काढण्याची पद्धत जगात आहे. पण ज्याचं पहिल्यांदाच नीट जमलं त्याला काढायचं असेल, तर त्याला निदान तसं सांगायला तरी कोणी गेलं होतं का, एवढं मला नाना जोशींना विचारायचं होतं. राहून गेलं.

कुंदरनलाही हा लाभ फार दिवस पचू दिला नाही. १९६४ च्या जानेवारीत मद्रासच्या कसोटीसाठी मुळात फारुख इंजिनिअरची निवड झाली होती. तो खेळू शकला नाही म्हणून कुंदरन आला आणि त्यानं १९२ धावा काढल्या. त्या मालिकेत त्याच्या ५२५ धावा झाल्या. एवढ्या धावा काढणाऱ्या कीपरला दुसऱ्या एखाद्या देशात पेन्शन मिळाली असती. आपल्याकडे त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिन्ही कसोट्यांत कीपर होते इंद्रजितसिंहजी. म्हणजे कुंदरन नाही, इंजिनिअरही नाही, पुन्हा तिसराच. शेवटी १९६७ मध्ये एजबॅस्टनच्या कसोटीत इंजिनिअरकडे ग्लोव्हज आणि दुखापतींनी जेरीस आलेल्या संघात कुंदरनकडे चक्क नवा चेंडू! कप्तान पतौडींनी विचारलं, "तू काय टाकतोस?" आणि कुंदरन म्हणाला, मलाही ठाऊक नाही, असं सांगतात. ती त्याची शेवटची कसोटी. मी हा विनोद खूप वर्षं हसून सांगत आलो. अलीकडे हसू जरा उशिरा येतं. आपण नेमके कोण आहोत हे सात वर्षं ज्याला कोणी सांगितलं नाही, तो दुसरं काय उत्तर देणार?

असो. परत नगरला येऊ, कारण खरी लबाडी तिथंच झाली.

आवर्तन सुरू झाल्यापासून जोडीदाराचा झेल सुटला की माझ्या पोटात गुदगुल्या होत. मी वरून "बॅड लक!" असं ओरडत असे, आणि ते इतक्या आनंदानं ओरडत असे की एकदा अण्णांनीच मला गप्प बसवलं. त्याची अवस्था वेगळी नसावी. दोघांपैकी एकही जण आता संघासाठी उभा राहत नव्हता. आपल्या रविवारी चूक होऊ नये म्हणून मी अवघड झेलाला हातच घालत नसे. न घातलेल्या हाताची चूक कोणी धरत नाही.

आणि तो खड्डा. आमच्या मॅटखाली मुरमाची जमीन होती. पिंपळाकडच्या टोकाला, नेमका चांगल्या टप्प्यावर, मॅटखाली एक वाटीएवढा खड्डा होता. चेंडू त्यावर पडला की सापासारखा फणा काढायचा. तीन वर्षांच्या कीपिंगनं मला तो पाठ झाला होता. जोडीदाराला तो सांगणं हे माझं काम होतं. मी सांगितला नाही. माझ्याकडे त्याच्यापेक्षा जास्त असं तेवढंच होतं.

एका रविवारी, त्याच्या आवर्तनात, आमच्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू त्या खड्ड्यात पडला, उसळला आणि जोडीदाराच्या उजव्या हाताची करंगळी मोडली. तो ग्लोव्हज काढत होता तेव्हा मी सगळ्यांत आधी धावत गेलो. सगळे म्हणाले, बघा, कशी मैत्री आहे! त्या वाक्याइतकं लागेल असं मला पुढं कोणी बोललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून माझ्या घरी आला. डाव्या बगलेत ग्लोव्हज होते. म्हणाला, "रविवारी तुलाच लागतील. आत कागद घातलाय, काढून घे." मी बघितलं. दोन्ही ग्लोव्हजच्या बोटाबोटांत वर्तमानपत्राचे बोळे नीट कोंबलेले होते, घाम सुकावा म्हणून. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या रविवारी ग्लोव्हज नेहमी कोरडे का असत याचा मी वर्षभरात एकदाही विचार केला नव्हता. आणि त्याच्या रविवारी ते कसे असत हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण मी ते ओलेच्या ओले पिशवीत टाकून देत असे.

त्या रविवारी मी उभा राहिलो आणि नाल्याकडच्या टोकाला एक चेंडू असा खाली राहिला, की माझ्या हाताखालून चार धावा गेल्या. मग पुन्हा तसाच. सामना आम्ही बायच्या धावांनी हरलो. अण्णा म्हणाले, "हरकत नाही, पुढच्या आवर्तनात बघू." मी ग्लोव्हजमध्ये कागद घालून ते त्यांच्या हातात दिले आणि त्यानंतर कीपिंग केलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग रहाणेबद्दल काय? कारण गेली काही वर्षं मी या प्रश्नाला फार भितो. अजिंक्य रहाणे आमच्या जिल्ह्याचा, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. त्यानंही कीपर बदललाच होता. वृद्धिमान साहा आणि ऋषभ पंत यांचं तेव्हा असं चाललं होतं, की देशात साहा, परदेशात पंत. जसा घरचा चहा स्टीलच्या पेल्यात आणि पाहुण्यांचा कपबशीत. मग २०२० च्या डिसेंबरात अ‍ॅडलेडला परदेशातही साहाच आला, आणि आपण ३६ धावांत आटोपलो. कोहली घरी परतला, कप्तानी रहाणेकडे आली आणि मेलबर्नला पंत यष्टीमागे उभा राहिला. रहाणेनं स्वतः ११२ काढल्या, कसोटी जिंकली. तो आमचा म्हणून सांगत नाही, (थोडंसं म्हणूनही सांगतो,) पण हा निर्णय होता. प्रशिक्षक शास्त्री आणि तो, दोघांनी मिळून ठरवलं की आपल्याला धावा हव्यात, आणि त्याची किंमतही मोजली. सिडनीला पहिल्याच दिवशी पंतनं पुकोव्स्कीचे दोन झेल सोडले. अण्णा असते तर ब्रिस्बेनला ढग पाहून साहाला आणलं असतं. रहाणेनं पंतलाच ठेवलं. सिडनीच्या ९७ आणि ब्रिस्बेनच्या नाबाद ८९ त्यातून आल्या.

त्याच सिडनीत पंतच्या कोपरावर चेंडू बसला, तेव्हा बदली खेळाडू म्हणून साहा येऊन कीपिंग करून गेला. २०१७ पासून नियम तशी परवानगी देतो. २०२१ च्या नोव्हेंबरात कानपूरला कप्तान पुन्हा आपलाच, आणि या वेळी साहाची मान आखडली. कीपिंगला के. एस. भरत उभा राहिला आणि साहानं आखडलेल्या मानेनं नाबाद ६१ धावा काढल्या. मला एकदम १९६० ची मुंबई आठवली. साहा त्यानंतर फक्त एक कसोटी खेळला. २०२२ च्या फेब्रुवारीत संघ निवडला त्यात तो नव्हता. पण एक फरक होता. यापुढे तुझा विचार होणार नाही, हे प्रशिक्षक राहुल द्रविडनं त्याला आधीच तोंडावर सांगितलं होतं. साहाला ते बोचलं, त्यानं जाहीर बोलून दाखवलं आणि लोकांनी द्रविडलाच बोल लावले. निर्णय बरोबर की चूक यावर तुम्ही खुशाल भांडा. पण तोंडावर सांगणाऱ्याला नावं ठेवताना मला नगरचे अकरा रविवार आठवतात.

कानपूरच्या त्या संध्याकाळी मी जोडीदाराला फोन लावला. निवृत्तीनंतर तो संगमनेरला असतो, आणि रहाणेचं गाव आपल्याच तालुक्यातलं म्हणून माझ्याशी वरच्या पट्टीत बोलतो. साहावर बोलून झालं, मानेवर झालं. मग मी श्वास घेतला आणि म्हणालो, "अरे, तुला एक सांगायचं होतं. पिंपळाकडच्या बाजूला मॅटखाली एक खड्डा होता. मला माहीत होता."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. फोन कट झाला की काय असं मला वाटलं.

"आणि नाल्याकडचा?" तो म्हणाला.

"कुठला नाल्याकडचा?"

"त्या पावसाळ्यात नवा झाला होता. चेंडू खाली राहायचा. प्लास्टर घालून तुझ्याकडे आलो ना, ते खरं तर तेच सांगायला आलो होतो. दारात उभा राहिलो, तू ग्लोव्हज घेतलेस, आणि म्हटलं, कशाला सांगा? पुढचा रविवार..."

म्हणजे आमच्या क्लबात त्या खेळपट्टीची संपूर्ण माहिती होती. अर्धी माझ्याकडे होती आणि अर्धी त्याच्याकडे.

"अण्णांना यातलं काही ठाऊक होतं का रे?" मी विचारलं.

"त्यांना कसं असेल?" तो म्हणाला. "ते मिडऑनला उभे राहून ढग बघायचे."